खर्च कमी, म्हणजे तब्येत ठणठणीत?

कोल्हापूरला खेटून असलेल्या उचगावात सत्तरीचे दोन शेजारी राहतात, असं समजा. एक निवृत्त शिक्षक, पेन्शन चालू. दुसऱ्या मामांची हयात शिरोलीच्या फौंड्रीत गेली. आता आधार श्रावणबाळ योजनेच्या महिना १५०० रुपयांचा. रक्तदाब दोघांनाही आहे. सांगा बघू, दवाखान्यावर जास्त खर्च कोणाचा?

गुरुजींचा! ते नियमित बी.पी. तपासतात, गोळ्या घेतात, रक्त-लघवीची तपासणी करतात. मामा दुखणं अंगावर काढतात. म्हणजे खर्चाच्या वहीत मामाच जास्त निरोगी! पण विजेचं बिल कमी आलं म्हणून घरात उजेड भरपूर आहे असं थोडंच असतं?

ही फसगत अख्ख्या राज्यांच्या बाबतीतही होते. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की ‘मी आजारी आहे’ असं सांगणाऱ्यांचं प्रमाण केरळात सर्वाधिक आणि बिहारात फार कमी. आणि आयुष्य सर्वांत जास्त कुठे? केरळातच! शिक्षण आणि दवाखाना जवळ असला, की माणसाला आपला आजार कळतो. कळला की खर्च होतो, आणि आयुष्य वाढतं.

मग मामांचे पैसे वाचले का? छे, खर्च नुसता साचत गेला! रक्तदाब वर्षानुवर्षं गुपचूप रक्तवाहिन्या कडक करतो, मूत्रपिंडं थकवतो आणि एके दिवशी अर्धांगाचा झटका येतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये होता, खासगीत २७,३४७. मामांच्या अठरा महिन्यांच्या पैशांचा एका फटक्यात चुराडा! सोबत थांबलेल्या मुलाचा बुडालेला रोज वेगळाच.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. झटक्याचा मोठा खर्च योजनेत बसतो आणि झटका टाळणारी रोजची स्वस्त गोळी बाहेर राहते, हे केवढं नवल!

तरीही ही गोळी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळू शकते. तेव्हा तुमच्या गल्लीतले असे एखादे मामा ‘मला काही होत नाही’ म्हणाले, तर त्यावर विसंबू नका. त्यांना या आठवड्यातच केंद्रात घेऊन जा आणि बी.पी. मोजून घ्या.