वारें गेलें तेव्हां वाजले किती?

श्रोतेहो, ‘अंगावरून वारें गेलें, आतां देवाची इच्छा’ असें आपण शहरांतही म्हणतों. ‘सर्च’ संस्थेनें गडचिरोली जिल्ह्यांतील ८६ गांवांच्या मृत्यूंची पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध केली. सुमारें सातांतील एक मृत्यू या अर्धांगवायूनें झालेला, आणि तोही बहुधा घरींच.

मेंदूंतील गुठळी विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. रक्तस्राव असल्यास तेंच घातक. हा भेद सी. टी. स्कॅनवांचून कळत नाहीं, आणि भामरागडाहून जिल्ह्याचें ठिकाणच दीडशें किलोमीटरांहून दूर!

म्हणून तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला, जीभ अडखळली, कीं तत्काळ घड्याळ पाहावें आणि १०८ ला फोन करावा. अंगारा मागाहून लावतां येईल. रोगी धडधाकट असा शेवटीं केव्हां दिसला, ती वेळ कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातीं द्यावी. झटका झोपेंत आला असल्यास रात्रीं निजल्याची.