सरीसृप-पेटी, लाकडी

साप, सरडे, पाली इ. सरीसृप प्राणी बंदिस्त जागेत ठेवण्यासाठी वापरण्यात येणारी, बहुधा पुढील बाजूस सरकती काच असलेली लाकडी पेटी. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने पेटीतील ऊब टिकून राहते. यामुळे यूरोपातील थंड प्रदेशांत काचपेटीपेक्षा लाकडी पेटी पसंत केली जाते. मात्र लाकूड आर्द्रताशोषक आहे व पेटीत ओलावा तर राखावाच लागतो. या विरोधातूनच लाकूड फुगणे, वाकणे, कुजणे आणि बुरशी येणे हे दोष उद्भवतात.

पेटी कोरडी ठेवणे हा यावरील उपाय नव्हे. हवा फार शुष्क झाल्यास सापाची कात अखंड निघत नाही. तिचे तुकडे अंगास, विशेषतः डोळ्यांवर, चिकटून राहतात. उलट तळ सतत ओला व अस्वच्छ राहिल्यास पोटाकडील खवल्यांखाली फोड येऊन त्यांत जंतुसंसर्ग होतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल अजगरास साधारणपणे ६० टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता मानवते, तर ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागातील दाढीवाल्या सरड्यास याहून बरीच कमी पुरते. दुसऱ्या प्रकारच्या प्राण्याच्या पेटीत प्रस्तुत प्रश्न क्वचितच उद्भवतो.

लाकडातील जलांश भोवतालच्या हवेशी समतोल साधतो. सापेक्ष आर्द्रता ६५% असता तो सु. १२%, तर ९०% असता सु. २०% होतो. लाकूड कुजविणाऱ्या कवकांना साधारणतः २० टक्क्यांहून अधिक जलांश लागतो. पृष्ठावरील बुरशीस मात्र एवढी प्रतीक्षा करावी लागत नाही. पृष्ठालगतची आर्द्रता काही काळ ८० टक्क्यांच्या आसपास राहिली, तरी ॲस्परजिलस, पेनिसिलियम यांसारख्या वंशांचे बीजाणू रुजतात. पेटीच्या मध्यभागी लावलेला आर्द्रतामापक ६०% दाखवीत असतानाही कोपऱ्यात बुरशी दिसते, याचे कारण हेच. ३०° से. तापमानाच्या व ७०% आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सु. २४° से. असतो. हिवाळ्यात खोलीचे तापमान १८° से. असेल, तर काचेवर त्या हवेतील बाष्प संघनित होते. थेंब ओघळून काचेच्या खालच्या खाचेत साचतात आणि पेटी बहुधा तेथूनच कुजू लागते.

पाणी लाकडात सर्वाधिक वेगाने शिरते ते कापलेल्या कडांतून. म्हणून रुंद पृष्ठांपेक्षा कडा, सांधे व तारांसाठी पाडलेली भोके यांना अधिक जपावे लागते. लाकडी भुशाचे कणफलक व तंतुफलक एकदा फुगले की पूर्ववत होत नाहीत. फिनॉल फॉर्माल्डिहाइड सरसाने जोडलेले, भारतीय मानक ७१० नुसार बनविलेले सागरी प्लायवूड महाग असले, तरी तेच घेणे शहाणपणाचे. पेटी जोडण्यापूर्वीच प्रत्येक फळीस दोन्ही बाजूंनी पॉलियुरेथेन व्हार्निशचे तीन-चार हात द्यावेत. एकाच बाजूस लेप दिल्यास दोन्ही बाजू असमान ओलावा घेऊन फळी वाकते. तळाचे सांधे सिलिकोनने बुजवितात. लेप पूर्ण वाळून वास नाहीसा होईपर्यंत प्राणी आत सोडू नये.

लाकूड टिकविणारी सर्वच द्रव्ये येथे चालत नाहीत. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये शोधलेले तांबे-क्रोमियम-आर्सेनिक यांचे मिश्रण खांबांसाठी उत्तम ठरले. परंतु त्यातील आर्सेनिकामुळे प्राण्यांच्या पेटीस ते वर्ज्य होय. क्रिओसोट व फिनेलही टाळावे लागते.

वायुवीजनासाठी थंड टोकास खाली व उष्ण टोकास वर अशी छिद्रे ठेवतात; तापलेली हवा वर जाऊन बाहेर पडते व खालून नवी येते. तथापि कोकणातील पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असल्याने केवळ छिद्रे वाढवून पेटी वाळत नाही. तेथे पेटी पायांवर उभी करणे, भिंतीपासून थोडी दूर ठेवणे आणि पाठीमागील बाजूसही लेप देणे आवश्यक ठरते. पाण्याचे भांडे दिव्याखाली ठेवू नये, तसेच भिंतींवर फवारा मारू नये. सर्वांत परिणामकारक युक्ती अगदी साधी आहे : झाकणास भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओले शेवाळ भरून तो पेटीत ठेवतात. कात टाकण्याच्या सुमारास साप स्वतःहून त्यात जाऊन बसतो आणि उरलेली पेटी कोरडी राहते.

तमिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेत (स्थापना १९७८) विषसंकलनासाठी आणलेले साप लाकडी पेट्यांऐवजी तोंडास कापड बांधलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवतात. सच्छिद्र मडक्यास कुजण्याचे भय नसते.

बुरशी आल्यास प्राणी दुसरीकडे हलवून तळाचा थर टाकून देतात. विरंजक द्रव्याने डाग फिका पडतो, पण लाकडात शिरलेले कवकतंतू तसेच राहतात. यासाठी फळी पूर्ण वाळवून, नाकास फडके बांधून पॉलिश पेपरने घासतात व पुन्हा लेप देतात. बोटाने दाबता लाकूड दबत असेल, तर ती फळीच बदलावी लागते.

भारतात नाग, घोणस, अजगर, घोरपड इ. देशी सरीसृप घरी पाळण्यास वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बंदी आहे. बॉल अजगरासारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक केली आहे.