ट्रायपॉड कशावर उभा होता?

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या कंपनीने टेस्टिंग विभागातले ॲक्सेलरोमीटर, चार्ज ॲम्प्लिफायर आणि केबलींची भेंडोळी भंगारात काढली. त्यांच्या जागी हायस्पीड कॅमेरा आला. ‘आता जॉबला हात लावायची गरजच नाही,’ असं तिथले नवे साहेब कौतुकाने सांगत होते.

1880 मध्ये क्युरी बंधूंना स्फटिक दाबल्यावर वीजभार सापडला, त्यातून असे चिकटवायचे पिझो सेन्सर आले; 1964 मध्ये ये आणि कमिन्स यांनी लेझर-डॉप्लरने द्रवाचा वेग मोजला, त्यातून न शिवता कंपन मोजणारा लेझर आला. मधला इतिहास पुस्तकांत आहे, तो तिथेच असू द्या. मला बोलायचंय नव्वदच्या दशकाबद्दल.

तेव्हा कंपन मोजायचं म्हणजे मेण लावून सेन्सर चिकटवायचा. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर मेण सुटायचं आणि सेन्सर खाली. केबल जरा हलली की सिग्नलमध्ये खोटा आवाज. पातळ पत्र्यावर तर सेन्सरचं वजनच आकडा बिघडवायचं: शंभर ग्रॅम परिणामी वस्तुमानाच्या भागावर दहा ग्रॅमचा सेन्सर बसवला की 100 हर्ट्‌झची नैसर्गिक वारंवारता 95 वर येते. तेव्हा तिथे लेझर हवाच होता, याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण आहे ते ‘स्पर्शविरहित म्हणजे नवं आणि निर्दोष’ या जाहिरातीशी. टर्बाइनच्या शाफ्टजवळचे एडी करंट प्रोब कित्येक वर्षं शाफ्टला न शिवताच काम करत होते. लेझर आला, तर काळपट पृष्ठभागावरून प्रकाश नीट परतेना, म्हणून त्यावर परावर्तक टेप चिकटवायची किंवा पांढरा स्प्रे मारायचा. झाला की स्पर्श! एका विक्रेत्याने हॉटेलच्या हॉलमध्ये लाउडस्पीकरवर सुंदर डेमो दिला होता. आमच्या प्रेस शॉपमध्ये या, म्हटल्यावर त्याचा फोन लागेना. त्याला बरोबर ठाऊक होतं की लेझर पृष्ठभागाचा वेग मोजतो तो स्वतःच्या सापेक्ष. प्रेसच्या दणक्याने ट्रायपॉड हलला की तो दणकाही पृष्ठभागाच्या नावावर जमा होतो.

कोयनेचं उदाहरण आम्ही तेव्हा घोकत असू. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा धरणातच बसवलेल्या यंत्राने 0.63 जीपर्यंतचं त्वरण टिपलं. त्या नोंदीवर जगभर धरणांची गणितं तपासली गेली. तिथे जमिनीवर कॅमेरा असता, तर जमिनीबरोबर तोही नाचला असता. शिवाय भूकंप शूटिंगची वेळ कळवून येत नाही.

उलट बाजूही सांगतो. अर्ध्या हर्ट्‌झला एक मिलिमीटर डोलणाऱ्या पुलाचं त्वरण जेमतेम एक हजारांश जी भरतं. साध्या पिझो सेन्सरचा तिथे दम निघतो आणि त्वरणावरून विस्थापन काढायला दोनदा इंटिग्रेशन केलं की आकडा वाहवत जातो. तिथे कॅमेरा सरस, मी आनंदाने मान्य करतो. पण खऱ्या कामाला दोन्ही लागतात, आणि भंगारात गेलेला सेन्सर त्याच कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला लावून त्याची थरथर वजा करता आली असती.

हल्ली पुलांच्या, इमारतींच्या ऑडिटचे अहवाल रंगीत असतात. उपकरण कुठे ठेवलं होतं याची ओळ मात्र नसते. सोसायटीच्या बैठकीत असा अहवाल आला, तर सही करण्याआधी एवढं विचारा: ट्रायपॉड कशावर उभा होता, आणि ती जागा हलत नव्हती हे कुणी तपासलं?