वाचत नाहीये, म्हणतोय

संगमनेरच्या बसस्थानकावर ओळखीच्या एक शिक्षिका भेटल्या. प्राथमिकचे वर्ग उघडायची बातमी तेव्हा नुकतीच आली होती, म्हणून सहज विचारलं, "आता दुसरीला कुठून सुरुवात करणार?" त्या म्हणाल्या, "दुसरीला आधी शाळा दाखवणार. एकानेही आतून पाहिलेली नाही."

हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. जून २०२० मध्ये ज्यांची नावं पहिलीच्या हजेरीपटावर चढली, ती मुलं एक दिवसही वर्गात न बसता पहिली ‘पास’ होऊन दुसरीत गेली होती. मार्च २०२० च्या मध्यावर कोरोनामुळे लागलेलं कुलूप गावाकडच्या पहिली ते चौथीसाठी निघालं ते १ डिसेंबर २०२१ ला. मोठ्यांच्या शाळा मधे उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. ही धाकटी मात्र सलग घरी. "वीस महिने," बाई म्हणाल्या आणि राजूरच्या गाडीत चढल्या. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मीही त्यांच्या शाळेत गेलो.

शाळा अकोले तालुक्याच्या पश्चिमेला. द्विशिक्षकी, दोन खोल्या, पुढे ओटा. शाळा उघडायला आणि अवकाळी पाऊस यायला एकच गाठ पडली होती. सोंगून ठेवलेलं भात भिजलेलं, त्यामुळे अर्धं गाव खळ्यावर आणि गावाबरोबर थोडी मुलंही. गेटवर थर्मल गन, साबणाचं पाणी, पालकांची संमतीपत्रं, हे सगळं रीतसर होतं. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

वास मात्र नाकातून जाईना. दुसऱ्या लाटेत यातली एक खोली विलगीकरण कक्ष होती. ग्रामपंचायतीने ती पुनःपुन्हा फवारलेली, आणि त्याच खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती. जंतुनाशक आणि जुना तांदूळ असा मिळून तो वास होता. चूल थंडच होती, कारण शिजवून द्यायला अजून परवानगी नव्हती. कोरा शिधा घरी द्यायचा. मुलं मात्र साडेअकराच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत. म्हणजे तिसरी-चौथीची. दुसरीच्यांना तिथे खिचडी मिळते हेच माहीत नव्हतं.

बाईंनी वर्ग ओट्यावर आणला होता. मला वाटलं, मोकळी हवा म्हणून. ते होतंच, पण खरं कारण वेगळं. "प, फ, ब, भ, म. पाचही अक्षरं ओठांवरची, आणि ओठ मास्कमध्ये. मुलांना माझे दिसत नाहीत, मला त्यांचे दिसत नाहीत. इकडची मुलं घरी ‘पानी’ म्हणतात. मास्कमधून ‘पानी’ आलं की ‘पाणी’, मला कळतच नाही." म्हणून त्या ओट्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहत, मास्क हनुवटीवर ओढून ‘भ’ म्हणत, आणि लगेच मास्क वर. पुन्हा खाली, ‘ब’, पुन्हा वर. वीस-पंचवीस वेळा तरी. नियमांच्या कुठल्या परिपत्रकात हे बसतं ते मी विचारलं नाही.

मग एकेका मुलाला जवळ घेऊन वाचन. हातात एक कागद: एका भागात सुटी अक्षरं, एकात शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग गोष्ट. ‘प्रथम’ ही संस्था आणि तिचं ‘असर’ सर्वेक्षण यांच्यामुळे हा कागद आता बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचा आहे. मूल जिथे अडलं तिथे नोंद करायची.

लाल स्वेटरातला एक दुसरीचा मुलगा आला. कागदाऐवजी त्याने स्वतःचंच बालभारतीचं पुस्तक उघडलं आणि धडाधड सुरू झाला. पान संपलं, उलटलं, पुढचं सुरू. चढ-उतार, विराम, सगळं जागच्या जागी. मी बाईंकडे कौतुकाने पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "वाचत नाहीये, म्हणतोय. बोट बघा." बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड सातव्या. पाचवीतली बहीण रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायची, तिचं ऐकून त्याला अख्खा धडा पाठ होता.

बाईंनी पर्समधून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला. जुन्या लग्नपत्रिकेचा, एका बाजूला सोनेरी गणपती. मधोमध ब्लेडने कापलेली आडवी फट, एका शब्दापुरती. तो पानावर ठेवला, खिडकीतून एकच शब्द दिसेल असा. मुलगा गप्प. पुठ्ठा सरकवला, दुसरा शब्द. गप्प. तिसऱ्याला त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, पण तिथे मास्क. मग बाईंनी हजेरीपट पुढे ओढला आणि खिडकी त्याच्या नावावर ठेवली. तो ताबडतोब हसला आणि नाव म्हणाला. खिडकी अंगठ्याने झाकत झाकत त्यांनी नावातलं एकच अक्षर उघडं ठेवलं. "आणि हे?" बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "माझ्यातला क." त्या दिवशीचा त्याचा अभ्यास एवढाच: बालभारतीच्या त्या पानावर आपल्यातले क शोधायचे. सापडले तेवढ्यांवर पेन्सिलीने गोल.

या वीस महिन्यांत शिक्षण खात्याने काहीच केलं नाही, असं म्हणता येणार नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मोहीम होती. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ होती आणि ती चांगली होती. सेतू अभ्यासक्रम आला, ४५ दिवसांचा. अभ्यासक्रमात २५ टक्के कपात झाली. मात्र ज्या पाड्यावर फोनला रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं, तिथे यातलं काय पोचलं याचं उत्तर तो मुलगा सातवी ओळ म्हणत देतच होता. शिक्षकही मोकळे नव्हते. नाक्यावर ड्युटी, घरोघर ताप मोजणं, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चं सर्वेक्षण. यातून वेळ काढून बाई पाड्यावर जायच्या, कुणाच्या पडवीत पाच-सहा मुलं गोळा करायच्या. मोठी मुलं गुरांमागे असत, तर गुरांपाशीच.

ते ऐकताना कोसबाडची आठवण आल्याशिवाय राहत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांच्या ‘कुरणशाळा’ गुरं राखणाऱ्या मुलांपर्यंत गेल्या. मूल येत नाही तर शाळा जाईल, हे महाराष्ट्राला नवीन नव्हतं. महामारीत आपण आधी ॲप शोधलं.

दुपारी मुख्याध्यापकांशी बोललो. सर सज्जन, निवृत्तीला आलेले. त्यांच्या फोनवर ‘अत्यंत तातडीचे’ असा संदेश, खाली लिंक: इयत्तानिहाय पटसंख्या, उपस्थिती, किती पाठ पूर्ण. "बाईंची पद्धत बरोबर आहे हो," ते म्हणाले, "पण लिंकमध्ये ‘माझ्यातला क’ असा रकाना नाही." बाईंनी दुसरी-तिसरी-चौथी मोडून मुलांचे गट केले होते: अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेदवाले. चौथीची एक मुलगी अक्षरवाल्यांत होती आणि दुसरीची एक चुणचुणीत पोर परिच्छेदवाल्यांत. सरांना ते पटत होतं आणि भीतीही वाटत होती. कुणी भेट द्यायला आलं आणि विचारलं, चौथीचा वर्ग कुठाय, तर काय दाखवायचं?

पालकांची तऱ्हा तीच. खळ्यावरून आलेला एक बाप ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "बाई, पुस्तक कवा चालू करायचं? पोरगं चौथीत हाय, अन् तुम्ही त्याला क-ख शिकवता." बाई त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्याच्याच पोराला त्यांनी खळ्यावरच्या पोत्यांचा हिशेब मांडायला दिला: किती भिजली, किती सुकली, उरली किती. हातच्याशी पोरगं अडलं. बापाने पाहिलं, काही बोलला नाही, पण संमतीपत्र परत मागितलं नाही.

मी बाईंच्या बाजूचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘शिकायचं राहिलं’ असं जे सगळीकडे म्हटलं गेलं, त्यात एक सोय होती. ‘असर’चे आकडे बघा. २०१८ मध्ये ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं होती २७.३ टक्के. २०२२ मध्ये ती २०.५ वर आली. जवळपास सात टक्के कुलपाने नेले, कबूल. पण न वाचणारी सत्तरहून अधिक टक्के मुलं शाळा रोज भरत असतानाच त्या वर्गांत बसली होती, आणि त्यांचा पोर्शन वेळेवर पूर्ण होत होता. लाल स्वेटरातल्यासारखी धडा म्हणणारी मुलं २०१९ मध्येही असणार. तेव्हा चाळीसच्या वर्गात बोट बघायला कुणाला सवड होती? वीस महिन्यांनी एवढं केलं की मुलाला येत नाही हे मोठ्याने म्हणायची शिक्षकाला मुभा मिळाली.

ती मुभा फार टिकली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. बाईंनी तेव्हा रात्री बसून पत्रिका कापल्या आणि घरटी एकेक खिडकी वाटली. २४ जानेवारीपासून शाळा पुन्हा उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच परत आल्या, काही हरवल्या, एक बकरीने खाल्ली असं एका मुलीने शपथेवर सांगितलं. मार्चमध्ये आदेश निघाला: एप्रिलभर पूर्णवेळ शाळा, अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी.

एप्रिलमध्ये बाईंना फोन केला तेव्हा त्या वैतागलेल्या होत्या. गट मोडले होते, इयत्ता परत आल्या होत्या, चौथीची ती मुलगी चौथीच्या बाकावर चौथीचं पुस्तक धरून बसत होती. "सकाळचा पहिला पाऊण तास मात्र मी कुणाला देत नाही," त्या म्हणाल्या. लाल स्वेटरवाल्याचं विचारलं. शब्द वाचतो, जोडाक्षर आलं की अजून बहिणीच्या आवाजात पुढे पळतो. मग म्हणाल्या, "लग्नसराई आहे, तुमच्याकडे पत्रिका येत असतील. जाड कागदाच्या असतील तर ठेवा. हल्ली सगळे व्हॉट्सॲपवर पाठवतात, पंचाईत होते."