शाळकरी वयातला निश्चय

नाचणगावच्या शाळकरी मुलांना शास्त्रज्ञाचं उदाहरण दूर शोधायला नको. ते आपल्याच वर्धा जिल्ह्यात आहे. ते म्हणजे डॉ. अभय बंग. ते सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकले. तिथं हातानं काम करणं हाच अभ्यास होता. तेराव्या वर्षी, थोरले भाऊ अशोक यांच्याबरोबर सायकलवरून जाताना, पुढं काय करायचं ते दोघांनी ठरवून टाकलं. अशोक शेती सुधारणार, अभय खेड्यातलं आरोग्य. आणि दोघांनी ते खरंच केलं!

अभय यांचं नागपुरात एमबीबीएस, एमडी, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण. परतल्यावर मात्र पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह थेट गडचिरोली. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथं आहे: प्रयोगशाळा म्हणून त्यांनी गावंच निवडली. गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी आणि उपचार शिकवले. 39 गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापला. 2011 पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर घरोघरी जाऊन बाळं तपासतात.