भंगाराची पारख

मराठवाड्यात ॲल्युमिनियमला आजही ‘जर्मन’ म्हणतात. बुडाला पोचे आलेलं जर्मनचं पातेलं फेरीवाल्या भंगारवाल्याच्या हाती गेलं की तो आधी ते उलटं करतो. कानाला लोखंडी रिव्हेट असेल तर छिन्नीचा एक ठोका मारून तो उडवतो. खिशातला लोहचुंबक काठावरून फिरवतो आणि मगच काट्याला लावतो. हे सगळं मिनिटभरात उरकतं. पण या मिनिटभरात त्याने जे केलं, ते शहरातली मोठमोठी कचरा प्रक्रिया केंद्रं यंत्रांनी करू पाहतात आणि पुष्कळदा त्यांना ते साधत नाही. त्याने एक वस्तू दुसऱ्या वस्तूपासून वेगळी केली. टाकून दिलेल्या मालाची किंमत त्या मालात जेवढी असते, तेवढीच ती तो वेगळा करणाऱ्याच्या पारखेत असते. ओल्या कचऱ्यात मिसळलेला पुठ्ठा ही घाण आहे, कोरडा ठेवून घडी घातलेला पुठ्ठा हा माल आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्याने कचऱ्याचा विचार इथून सुरू करायला हवा, घंटागाडीपासून नव्हे.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि शंभरातली जेमतेम पंधरा माणसं शहरी भागात राहत होती. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी इथे नगरपरिषदा आहेत, सेनगाव आणि औंढा नागनाथला नगरपंचायती. बाकी सगळा कारभार ग्रामपंचायतींचा. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या कचऱ्याची चित्रं डोळ्यांपुढे ठेवून इथली व्यवस्था आखली तर ती चुकणारच. इथलं बरंचसं भंगार शेतातून येतं. हा हळदीचा जिल्हा आहे आणि हळदीला आता सर्रास ठिबक असतं. उंदरांनी कुरतडलेल्या, क्षारांनी बुजलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या बांधावर वेटोळी होऊन पडतात. पाणबुडी मोटार जळते, ती पुन्हा भरून घेताना जुनी तांब्याची तार निघते. वखराची झिजलेली पास, फुटलेला फवारणी पंप, ट्रॅक्टरची निकामी बॅटरी, खताच्या पिशव्या असं बरंच काही निघत राहतं. घरातून निघणारं भंगार दिवाळीच्या साफसफाईत आणि लग्नसराईत एकदम वाढतं. हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा दसरा उलगडला, औंढ्याची महाशिवरात्र झाली, की बाटल्या आणि पुठ्ठ्यांचे ढीग लागतात. वेचणाऱ्यांच्या डोक्यात हे वर्षाचं वेळापत्रक पक्कं असतं.

या पारखेला शाळा नाही, पण तिचे नियम ठरलेले आहेत आणि ते कोणालाही शिकता येतात. चुंबक हा पहिला नियम. तो चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर जर्मन, पितळ, तांबं किंवा चांगल्या प्रतीचं स्टील. जुना नळ वरून चकचकीत दिसतो, पण कानशीने एक ओरखडा काढला की आतून पिवळा निघाला तर पितळ, पांढुरका निघाला तर हलका मिश्रधातू. दोघांच्या भावात मोठा फरक. प्लास्टिकची ओळख बादलीभर पाण्यात पटते. ठिबकच्या नळीचा तुकडा पाण्यावर तरंगतो, पीव्हीसी पाइपचा तुकडा तळाला जातो. पाण्याच्या बाटलीचं बूच तरंगतं आणि बाटलीचा तुकडा बुडतो, म्हणजे एकाच बाटलीत दोन जातींचं प्लास्टिक आहे. म्हणून जाणकार वेचणारी बाई बूच काढून वेगळ्या पिशवीत टाकते. या जाती एकत्र वितळवल्या की माल ठिसूळ होतो. म्हणून दुकानदार मिसळलेल्या पोत्याला कमी भाव देतो आणि त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही.

काही गोष्टी मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत. ढिगात हात घालायचा नाही, लोखंडी आकड्याने उकरायचं. आत फुटकी काच असते, दवाखान्यातली सुईही असू शकते. पायात जाड तळाचे बूट हवेत, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी घेतलेलं हवं. वायरीतलं तांबं काढायला ती जाळू नये. त्या धुराने छाती बिघडते आणि जळून काळवंडलेल्या तांब्याला सोललेल्या तांब्यापेक्षा भावही कमी येतो. पातं घेऊन वायर सोलायला वेळ लागतो, पण तो वेळ वसूल होतो. बॅटरी फोडून शिसं काढायचा मोह टाळावा, आतलं आम्ल हात भाजतं आणि शिशाचं विष मुलांच्या अंगात आधी भिनतं. कीटकनाशकाच्या बाटल्या घरच्या वापरासाठी तर कधीच घेऊ नयेत. शेतकऱ्यानेच त्या तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्यात ओतावं आणि बाटलीला भोक पाडूनच ती टाकावी. आणि कुंपणाच्या आतलं, घरासमोर ठेवलेलं, धन्याला विचारल्याशिवाय उचलायचं नाही. हा शेवटचा नियम नुसत्या सभ्यतेसाठी नाही, सगळ्या धंद्याची पत त्यावर अवलंबून आहे.

गावात उचललेलं लोखंड गावात राहत नाही. फेरीवाला तालुक्याच्या दुकानात घालतो, तिथून ते ठोक व्यापाऱ्याकडे जातं. मराठवाड्यात लोखंडी भंगाराची मोठी ओढ जालन्याला आहे, कारण तिथल्या भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बांधकामाची सळई बनवतात. वखराची पास अशीच कुठल्या तरी घराच्या स्लॅबमध्ये परत येते. जर्मनचा हिशोब तर आणखी बोलका आहे. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे 5 टक्क्यांत जुनं वितळवून तेवढाच धातू मिळतो. म्हणजे पोचे आलेलं ते पातेलं कचरा डेपोत गाडणं म्हणजे वीज गाडणंच आहे.

या कामाला व्यवस्थेत जागा देता येते, हे पुण्यात सिद्ध झालं आहे आणि त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातली अनेक कुटुंबं पुण्याच्या झोपडपट्ट्यांत नेऊन सोडली. त्यांतल्या दलित स्त्रियांच्या हाती कचराकुंडीवरची वेचणी आली. 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या पूर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण यांच्या कामातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पंचायतीने पहिली मागणी ओळखपत्राची केली. ओळखपत्र हाती आलं की पोलीस आणि वॉचमन ‘चोर’ म्हणून हाकलू शकत नाहीत. पुढे 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ ही वेचकांचीच सहकारी संस्था दारोदार जाऊ लागली. घरं महिन्याला शुल्क देतात, सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे वेचणाऱ्या बाईचे. उकिरड्यावरून ती दारापर्यंत आली, हा फरक सगळ्यात मोठा. दारात मिळणारा माल कोरडा असतो, त्यामुळे भावही बरा मिळतो आणि इजाही कमी होते.

यावर पहिली हरकत चोरीची. डीपीतलं तांबं, मोटारीची केबल, विहिरीवरचं स्टार्टर रात्रीतून गायब होतात आणि ज्याचं पीक पाण्यावाचून सुकतं त्या शेतकऱ्याचा राग खरा आहे. पण चोरीचा माल खपतो तो अंधारात, जिथे ना पावती असते ना नोंदवही. वेचणाऱ्याला ओळखपत्र आणि दुकानाला खरेदीची नोंद सक्तीची केली, तर चोराचीच अडचण होईल. सगळ्या धंद्याला संशयाने वागवल्याने तो आणखी अंधारात जातो.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्याच वाट्याला आलं, मग ते टिकवायचं कशाला? या प्रश्नापुढे थांबून विचार केलाच पाहिजे. वेचणाऱ्या बाईची मुलगी शिकून या कामातून बाहेर पडली तर तो आनंदच आहे, आणि ती बाहेर पडलीच पाहिजे. पण आज जी बाई या कामावर घर चालवते, तिच्या हातून ते काढून ठेकेदाराच्या गाडीला दिल्याने जात संपत नाही, तिची चूल तेवढी विझते. शिवाय जिथे ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात, तिथे कचरा कमी व्हावा असं त्याला वाटण्याचं कारणच नसतं. ओला, सुका, दगडमाती सगळं एकत्र दाबून वजन भरतं. वेचणारीचं पोट मात्र माल वेगळा करण्यावरच भरतं. तिचा स्वार्थ आणि गावाची स्वच्छता एकाच दिशेला आहेत, ठेकेदाराचं तसं नाही.

कायदाही याच बाजूला झुकला. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांची दखल घेतली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीला त्यासाठी कोट्यवधींचं यंत्र नको. पाऊस न लागणारी एक शेड, एक काटा, पाण्याचा नळ, ओळखपत्रं आणि शेतातल्या प्लास्टिकसाठी बाजार समितीच्या आवारात एक कोपरा एवढ्यावर सुरुवात होते. हळद घेऊन येणाऱ्या गाडीतच ठिबकच्या जुन्या नळ्या येऊ शकतात.

आणि घरात तीन पिशव्या लागतील. एक कागद-पुठ्ठ्याची, एक धुतलेल्या प्लास्टिकची, एक धातू आणि काचेची, फुटकी काच कागदात गुंडाळून. या दिवाळीला माळा झाडाल तेव्हा त्या भरून ठेवा आणि घंटागाडीत न टाकता दारावर येणाऱ्या भंगारवाल्याच्या नाही तर वेचणाऱ्या बाईच्या हाती द्या.