यंत्रांच्या घरघरीतून झालेलं संगीत

मालिकेत सासू दारात येऊन उभी राहिली की मागे जे धाडधाड वाजतं, ते आपल्याला पाठच असतं. त्याला पार्श्वसंगीत म्हणतात. काही मालिकांचं असं संगीत वेगळं काढून त्याचा अल्बमही निघतो. चित्र नाही, संवाद नाही, नुसतं ऐकायचं. आज त्यातल्याच एकाविषयी.

‘चेर्नोबिल’ ही पाच भागांची इंग्रजी मालिका २०१९ साली आली. २६ एप्रिल १९८६ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघात, आजच्या युक्रेनमध्ये, चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात मध्यरात्रीनंतर स्फोट झाला, त्याची ही गोष्ट. जवळच्या प्रिप्यात शहरातल्या लोकांना दुसऱ्या दिवशी बसमधून हलवलं. थोड्या दिवसांपुरतंच सामान घ्या, असं सांगितलं होतं. ते शहर पुन्हा वसलंच नाही.

आता बघा, आग दाखवता येते, पूर दाखवता येतो. किरणोत्सर्ग कसा दाखवणार? तो दिसत नाही, त्याला वास नाही. ते काम संगीताकडे आलं.

संगीतकार एक बाई, आइसलँडच्या हिल्दुर गुद्नादोत्तिर. त्या चेलो वाजवतात. व्हायोलिनच्या जातीचं, पण बसून, जमिनीला टेकवून वाजवायचं मोठं वाद्य. इथे मात्र त्यांनी वाद्यं बाजूलाच ठेवली. मालिकेचं काही चित्रीकरण लिथुआनियातल्या इग्नालिना या बंद झालेल्या अणुवीज केंद्रात झालं होतं. संरक्षक पोशाख घालून त्या तिथे गेल्या. सोबत ध्वनिमुद्रण करणारे ख्रिस वॉटसन. पंपांच्या खोलीतली घरघर, दारांचे आवाज, मोठ्या दालनांतला घुमारा, सगळं टिपून आणलं. त्यातूनच सूर आणि ठेके काढले, वर स्वतःचा आवाज मिसळला. अल्बममधल्या तुकड्यांची नावंसुद्धा ‘दार’, ‘पंपाची खोली’ अशा अर्थाची आहेत.

मला यातलं आवडलं ते हे, की रडा म्हणून कुणी सांगत नाही. एखादं व्हायोलिन लावलं असतं तर आपण डोळे पुसून मोकळ्या झालो असतो. इथे नुसती घरघर. पिठाच्या गिरणीत काही बिघडलं की आवाजावरूनच आधी कळतं ना, तसं. माणसांचा समूहस्वर येतो तो मृतांसाठीच्या प्रार्थनेत.

या कामासाठी हिल्दुरबाईंना एमी आणि ग्रॅमी असे दोन्ही पुरस्कार मिळाले.

ऐकायचा झाला तर हेडफोन लावा. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर त्यातला खालचा घुमणारा आवाज नीट येत नाही, आणि खरी भीती तर त्यातच आहे.